एकाचे दोन दिसू लागतात तेव्हा

मुंबई-हावडा लोहमार्गावर नागपूर मागे पडल्यावर 'भंडारा रोड' हे स्थानक लागते. प्रथमच येणारा प्रवासी भंडारा आले असे समजून उतरतो, आणि आपण वरठीत उतरलो आहोत, जिल्ह्याचे ठिकाण अद्याप दहा-बारा किलोमीटर दूर आहे, हे त्याला बाहेर आल्यावर कळते. मोहाडी तालुक्यातील या गावाच्या एका बाजूस रेल्वे, दुसऱ्या बाजूस पोलाद कारखाना आणि सभोवती धानाची शेते आहेत. येथील माणसाची नजर दिवसभर कामात असते. कोणी दूरचा सिग्नल पाहतो, कोणी क्रेनच्या दोराकडे डोळा लावून असतो, तर कोणी बांधावरून सायकल हाकीत असतो.

अशा गावातील पन्नाशी ओलांडलेल्या एखाद्या गृहस्थाची कल्पना करावी. एके सकाळी फलाटावर उभे असताना त्याला एका सिग्नलच्या जागी शेजारी शेजारी दोन सिग्नल दिसतात. हातातील वर्तमानपत्र मात्र नीट वाचता येते. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून तो चष्म्याच्या दुकानात जातो आणि नवा चष्मा घेतो, तरीही सिग्नल दोनच राहतात. मग घरातील वडील मंडळी 'वारे गेले' असा निर्वाळा देतात. अंगावरून वारे जाणे म्हणजे पक्षाघात. या दोन निदानांपैकी चष्मेवाल्याचे चुकलेले असते आणि घरच्यांचे अर्धे बरोबर असते, ही गोष्ट मोठी लक्षणीय आहे. येथे खरोखरच एक पक्षाघात झालेला असतो. मात्र तो हातापायांचा नसून डोळा फिरविणाऱ्या एका बारीक स्नायूचा असतो.

दुहेरी दिसण्याची तक्रार घेऊन कोणी आल्यास पहिली परीक्षा कोणत्याही साधनावाचून करता येते. रुग्णाने एक डोळा तळहाताने झाकावा आणि काय दिसते ते सांगावे, मग दुसरा डोळा झाकून पुन्हा सांगावे. एक डोळा झाकल्यावरही दुसऱ्या डोळ्याने दोन प्रतिमा दिसत राहिल्या, तर दोष त्या डोळ्यातच आहे. मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर, बुबुळावरील कोरडेपणा अशी कारणे तेथे संभवतात, आणि ती बहुधा घाईची नसतात. याउलट, कोणताही एक डोळा झाकताच दुसरी प्रतिमा नाहीशी होत असेल, तर दोन्ही डोळे स्वतंत्रपणे चांगले असून ते एका दिशेने रोखले जात नाहीत असे समजावे. ही दुसरी तक्रार अकस्मात सुरू झाली असेल तर ती नेत्रविभागाइतकीच मेंदूच्या वैद्यकाचीही बाब ठरते. ही परीक्षा आशा स्वयंसेविकेला करता येते, शिक्षकालाही करता येते, आणि तिच्या उत्तराने पुढील वाट ठरते.

डोळा फिरविण्याचे काम प्रत्येकी सहा स्नायू करतात. त्यांपैकी चार सरळ व दोन तिरपे असतात. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी तीन जोड्या या स्नायूंना आज्ञा देतात. वैद्यकशास्त्रात त्यांना तिसरा, चौथा आणि सहावा अशा क्रमांकांनी ओळखले जाते. सहावा मज्जातंतू डोळा कानाकडे नेणारा एकच स्नायू चालवितो. चौथाही एकच स्नायू चालवितो. तो वरचा तिरपा स्नायू होय, आणि डोळा नाकाकडे वळलेला असताना त्याला खाली नेण्याचे काम तो करतो. उरलेले चारही स्नायू तिसऱ्याच्या ताब्यात आहेत. शिवाय वरची पापणी उचलणे, बाहुली आकुंचित करणे आणि जवळचे पाहण्यासाठी डोळ्यातील भिंगाला आकार देणे ही कामेही तिसऱ्याकडेच आहेत. बैलजोडीतील एक बैल थांबला की गाडी वळते, त्याप्रमाणे एखादा स्नायू लुळा पडला की त्याच्या विरुद्ध बाजूचा स्नायू डोळ्याला आपल्याकडे ओढून घेतो. मग एका डोळ्याची प्रतिमा एका ठिकाणी आणि दुसऱ्याची भलत्याच ठिकाणी पडते, व मेंदूला दोन वस्तू दिसतात.

फलाटावरील आपल्या गृहस्थाचा सहावा मज्जातंतू दुर्बल झालेला आहे. डोळा बाहेर वळत नसल्याने दोन प्रतिमा आडव्या, शेजारी शेजारी दिसतात. दूर पाहताना दोन्ही डोळे समांतर ठेवावे लागतात, म्हणून दूरची वस्तू अधिक फाटते. जवळ वाचताना डोळे आत वळलेलेच असतात, म्हणून अक्षरे जुळतात. उजवा सहावा मज्जातंतू गेला असेल तर उजवीकडे पाहताना त्रास वाढतो. तो टाळण्यासाठी माणूस नकळत चेहराच उजवीकडे वळवून बसतो. नंबर तपासणाऱ्याच्या खुर्चीवर तो सरळ बसतो आणि प्रत्येक डोळ्याने अक्षरे अचूक वाचतो. दोष का सापडला नाही याचे उत्तर यातच आहे.

प्रौढ वयात या तीन मज्जातंतूंपैकी एखादा अचानक निकामी होण्याचे एक अत्यंत सामान्य कारण म्हणजे मधुमेह, आणि त्याच्या जोडीने येणारा उच्च रक्तदाब. मज्जातंतूच्या गाभ्याला रक्त पुरविणाऱ्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या या विकारांत अरुंद होत जातात. भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे. मालगुजारीच्या काळातील तलावांवर येथे आजही धान पिकतो. तलाव आटू लागला की काठावरच्या बांध्या ओल्या राहतात आणि पाटाच्या शेवटच्या टोकाची बांधी प्रथम कोरडी पडते, हे येथील शेतकऱ्यास सांगावयास नको. मज्जातंतूच्या मध्यभागी असलेले धागे त्या शेवटच्या बांधीसारखे आहेत. पृष्ठभागावरील धाग्यांना भोवतालच्या आवरणातून रक्त मिळत राहते, गाभ्यातील उपाशी पडतात.

ही साधी रचना समजली म्हणजे तिसऱ्या मज्जातंतूच्या निदानातील सर्वांत मोलाची खूणही समजते. तिसरा निकामी झाला की पापणी गळून डोळ्यावर येते. ती हाताने उचलून पाहिल्यास डोळा खाली व बाहेर वळलेला आढळतो. अशा वेळी तपासणाऱ्याने प्रथम बाहुलीकडे पाहावे. बाहुलीला आज्ञा देणारे धागे या मज्जातंतूच्या पृष्ठभागावर असतात. गाभ्यातील रक्तपुरवठा अपुरा पडला, जसा तो मधुमेहात पडतो, तर पापणी पडते, डोळा अडतो, परंतु बाहुली बहुधा शाबूत राहते. बाहेरून दाब आला तर मात्र पृष्ठभागावरचे धागे आधी चेपतात आणि बाहुली मोठी होऊन प्रकाशाला दाद देईनाशी होते. हा दाब मेंदूच्या तळाशी असलेल्या एखाद्या रक्तवाहिनीला आलेल्या फुग्याचा असू शकतो, आणि तो फुगा कोणत्याही क्षणी फुटू शकतो. म्हणून पडलेली पापणी, मोठी झालेली बाहुली आणि त्यासोबत तीव्र डोकेदुखी अशी तिन्ही चिन्हे एकत्र दिसली तर रुग्णास त्याच दिवशी, किंबहुना त्याच तासाला, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे छायाचित्रण होऊ शकेल अशा रुग्णालयात हलवावे. येथे 'उद्या पाहू' या शब्दांना जागा नाही. बाहुली शाबूत असली तरी रुग्णास निर्धास्त करून घरी पाठवू नये. पापणी पूर्ण पडलेली नसेल, किंवा डोळ्याची हालचाल अर्धवट उरली असेल, तर पहिल्या आठवड्यात बाहुली पुन्हा पुन्हा पाहावी लागते. शिवाय अनेक वैद्य सर्वच नव्या रुग्णांचे छायाचित्रण करून घेणे पसंत करतात, आणि ते योग्यच आहे.

जिल्ह्यातील आरोग्य कर्मचाऱ्यांस कुष्ठरोगाच्या कार्यामुळे डोळ्याचा एक वेगळा पक्षाघात चांगला परिचित आहे. त्यात डोळा मिटत नाही. तो सातव्या मज्जातंतूचा दोष होय, आणि त्यात चेहराही वाकडा होऊ शकतो. तिसऱ्याच्या दोषात याच्या उलट, डोळा उघडत नाही. मिटत नाही की उघडत नाही, एवढा प्रश्न विचारला तरी नोंदवहीतील पुष्कळ घोटाळे टळतील.

चौथा मज्जातंतू तिघांत सर्वांत बारीक. मेंदूच्या मागील बाजूने बाहेर पडणारा तो एकटाच. तेथून त्याला पुढे डोळ्यापर्यंत वळसा घालून यावे लागते, म्हणून कवटीच्या आतील त्याचा प्रवास सर्वांत लांब, सुमारे साडेसात सेंटिमीटरांचा आहे. डोक्याला जोराचा हिसका बसला की तो सहज दुखावतो. कधीकधी बाहेरून मोठी जखम दिसत नसतानाही हे घडते. भंडाऱ्यावरून जाणाऱ्या मुंबई-कोलकाता महामार्गावर, म्हणजे पूर्वीच्या क्रमांक ६ व आताच्या क्रमांक ५३ वर, किंवा गावातल्या कच्च्या रस्त्यावर दुचाकीवरून पडलेला तरुण चार टाके घालून घरी येतो आणि आठवड्याने सांगतो की जिना उतरताना एका पायरीच्या दोन पायऱ्या दिसतात. प्रतिमा एकीखाली एक, थोड्या तिरप्या असतात. खाली पाहताना, वाचताना, जिना उतरताना त्रास होतो आणि समोर पाहताना कमी होतो. उजवा चौथा दुखावला असेल तर तो मान डाव्या खांद्याकडे कलती ठेवतो. मान मुद्दाम दुसऱ्या बाजूस कलवून डोळा वर सरकतो का हे पाहण्याची परीक्षा आल्फ्रेड बिलशोव्स्की या जर्मन नेत्रवैद्याच्या नावाने जगभर ओळखली जाते. तिला यंत्र लागत नाही, केवळ शांतपणे पाहणारी नजर लागते.

मुले दुहेरी दिसते असे बहुधा सांगतच नाहीत. वाढत्या वयातील मेंदू नको असलेली प्रतिमा बाजूस सारतो, आणि ज्या डोळ्याची प्रतिमा अशी नाकारली जाते तो डोळा हळूहळू आळशी होऊन कायमचा मंद होतो. म्हणून मुलांच्या बाबतीत शिक्षकांची दृष्टी हेच पहिले साधन. जे मूल फळ्याकडे सदैव एकाच बाजूने चेहरा वळवून पाहते, मान कलती ठेवल्यावाचून वाचत नाही, किंवा उन्हात नेमका एकच डोळा मिटते, त्याला 'नीट बस' म्हणून दटावण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. मानेच्या शिरेत दोष आहे असे समजून महिनोन्‌महिने मान चोळली जाते, आणि मूळ दोष डोळ्याचा असतो, असे घडते. मोठ्या माणसात हा दोष जन्मापासूनचा आहे की नवा, हे ठरविण्यास वैद्य कधीकधी जुनी छायाचित्रे मागतात. लग्नातील, शाळेतील फोटोंत मान त्याच बाजूस कललेली दिसली तर पुष्कळ चिंता आणि खर्च वाचतो. तालुक्याहून पुढे जाताना घरातील फोटोंची पिशवी सोबत घ्यावी, हा सल्ला विचित्र वाटला तरी उपयोगाचा आहे.

मुलाचा डोळा अचानक आत वळला आणि त्याच सुमारास सकाळी डोके दुखणे, उलट्या, चालताना तोल जाणे सुरू झाले, तर प्रकरण गंभीर समजावे. सहावा मज्जातंतू कवटीच्या तळाशी एका हाडाच्या कडेवरून वळण घेऊन जातो. मेंदूतील दाब वाढला की तो त्या कडेवर ताणला जातो. दाब वाढण्याचे कारण गाठ असेल, पाणी साचले असेल किंवा क्षयाचा मेंदूज्वर असेल. दोष प्रत्यक्षात कोठेही असला तरी हाक सहाव्याकडून येते. यासाठीच डोळ्याच्या मागचा पडदा पाहणे अत्यावश्यक असते. तेथील चकती सुजलेली दिसली तर प्रथम मेंदूचा विचार करावा लागतो. दोन-तीन आठवड्यांचा ताप, डोकेदुखी, ताठ मान आणि तिरळा झालेला डोळा असे चित्र आपल्याकडे क्षयाच्या मेंदूज्वरात दिसते. क्षयाची औषधे शासनामार्फत विनामूल्य मिळतात. तेव्हा येथे तोटा औषधांचा नसतो, वेळेवर शंका येण्याचा असतो.

मज्जातंतू शाबूत असताना डोळे तसेच दिसावेत असे काही प्रसंग आहेत. त्यांतील एक भंडाऱ्याच्या शेतकऱ्यास ठाऊक असलाच पाहिजे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दंश इतका सूक्ष्म असतो की जागेवर सूज नाही, वेदनाही फारशी नाही. पहाटे पोटात दुखते, मग दोन्ही पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसू लागतात, बोलणे अडखळते. मण्यारीचे विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर काम करते, आणि पापण्यांनंतर त्याचा मोर्चा श्वासाच्या स्नायूंकडे वळतो. रात्रीतून दोन्ही पापण्या पडलेला माणूस दिसला तर 'साप दिसला नाही' या उत्तरावर विसंबू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिविष व कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयाकडे निघावे. वाटेत देवस्थानाला वळसा घालण्यात जाणारा अर्धा तास परत मिळत नाही. दुसरा प्रसंग सावकाश येणाऱ्या एका स्नायुदौर्बल्याचा आहे. त्यात सकाळी पापणी उघडी असते आणि सायंकाळपर्यंत पडते, दुहेरी दिसणेही दिवसागणिक बदलते. पडलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फ ठेवल्यास ती तात्पुरती उचलली जाते, आणि वैद्यास निदानाची दिशा मिळते. तिसरा प्रसंग दारूचे व्यसन व उपासमार एकत्र आल्यावर उद्‌भवतो. 'ब-१' जीवनसत्त्वाच्या अभावी डोळे अडतात, चाल लटपटते, मन भ्रमिष्ट होते. अशा रुग्णास ग्लुकोजची बाटली लावण्याआधी ते जीवनसत्त्व शिरेतून द्यावयाचे असते.

२०२१ च्या उन्हाळ्यात कोविडच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ 'काळी बुरशी' या नावाने ओळखला गेलेला आजार महाराष्ट्राने पाहिला. नागपूरच्या रुग्णालयांतही तेव्हा असे अनेक रुग्ण दाखल झाले. मधुमेह हाताबाहेर गेलेला, त्यात स्टेरॉइडची मात्रा, आणि मग नाकातून डोळ्याकडे सरकणारी बुरशी असा तो क्रम होता. गाल सुन्न होणे, नाकातून काळपट स्राव, एका बाजूचा चेहरा दुखणे आणि डोळा जागच्या जागी थिजणे ही त्याची चिन्हे होत. लाट ओसरली, तरी मधुमेह आणि बुरशी दोन्ही राहिलेली आहेत. म्हणूनच डोळा अडलेल्या मधुमेही माणसाने औषध दुकानातून आपल्या मनाने स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नयेत.

रुग्णालयात पोहोचल्यावर काय तपासले जाते, हे आधीच माहीत असलेले बरे. रक्तातील साखर, रक्तदाब, डोळ्याच्या नऊ दिशांतील हालचाली, बाहुल्या, पापण्या, डोळ्यामागचा पडदा, आणि गरज असेल तेथे मेंदूचे सीटी किंवा एमआरआय छायाचित्रण, असा क्रम असतो. दोष किती आहे हे कागदावर मांडण्यासाठी लाल-हिरव्या काचांच्या चष्म्यातून पडद्यावरील खुणा दाखवावयास सांगतात. ही पद्धत वॉल्टर हेस या स्विस वैद्याने १९०८ मध्ये बसविली. तेव्हा तो नेत्रवैद्य होता. पुढे शरीरक्रियाशास्त्रात शिरून १९४९ मध्ये तो नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला. दर भेटीत असा आलेख काढला म्हणजे दोष कमी होतो आहे की वाढतो आहे हे अंदाजावर सोडावे लागत नाही.

उपचाराविषयी सर्वांत आधी सांगावयाचे ते हे की मधुमेह व रक्तदाबामुळे झालेला पक्षाघात बहुतांशी आपोआप, सुमारे तीन महिन्यांत बरा होतो. साखर व रक्तदाब आटोक्यात आणणे हेच त्यातील खरे औषध. जीवनसत्त्वांच्या रंगीत गोळ्यांनी सुधारणा झाली असे वाटते, पण ती बहुधा काळाने केलेली असते. तीन महिन्यांत डोळा वळू लागला नाही, किंवा दुसरा मज्जातंतूही सामील झाला, तर पहिले निदान बाजूस ठेवून छायाचित्रण करावेच लागते.

मधल्या काळात दोन दिसण्याचा जाच कमी करण्यास एक डोळा झाकणे हा सोपा व स्वस्त उपाय आहे. चष्म्याच्या एका काचेवर अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावली तरी भागते. मुलांमध्ये मात्र नेत्रतज्ज्ञ सांगतील त्याच डोळ्यावर आणि सांगतील तितकाच वेळ पट्टी ठेवावी, एरवी चांगला डोळा मंद होण्याचा धोका असतो. एका डोळ्याने खोलीचा अंदाज येत नाही. म्हणून मळणी यंत्राशी, विहिरीच्या काठावर किंवा उंच मचाणावर या काळात काम करू नये, आणि दुहेरी दिसत असताना कोणतेही वाहन चालवू नये. कारखान्यातील वा रेल्वेतील कामगारास काही आठवडे जमिनीवरचे काम मिळावे, यासाठी वैद्याचे लेखी प्रमाणपत्र मागण्यात संकोच नसावा. रोजंदारी बुडेल या भीतीने दुहेरी नजर लपविली जाते, ही या विषयातील खरी अडचण आहे, आणि ती औषधाने सुटणारी नाही.

तिसऱ्या मज्जातंतूच्या रुग्णाविषयी एक सूचना विशेष. पापणी पूर्ण पडलेली असते तोवर तीच पट्टीचे काम करते, आणि दोन दिसत नाहीत. बरे होताना पापणी आधी उचलली गेली तर पहिल्यांदाच दोन दिसू लागतात. रुग्ण घाबरून औषध सोडतो, वस्तुतः ते सुधारणेचे चिन्ह असू शकते. हे आधी सांगून ठेवावे.

दोष लहान व स्थिर असेल तर प्रिझमचा चष्मा दोन प्रतिमा एकत्र आणतो. दीपगृहांच्या भिंगांसाठी प्रसिद्ध असलेल्या फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या तत्त्वावर बनविलेला प्लास्टिकचा पातळ प्रिझम नेहमीच्या चष्म्यावर चिकटविता येतो व बदलताही येतो. सहाव्याच्या पक्षाघातात डोळ्याला आत ओढणाऱ्या स्नायूत बोट्युलिनम विषाची अत्यल्प मात्रा टोचून त्याचा जोर काही महिने कमी करता येतो. डॉ. अॅलन स्कॉट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे तिरळेपणासाठी विकसित केलेल्या या उपचारास अमेरिकेत १९८९ मध्ये मान्यता मिळाली. शस्त्रक्रियेची घाई करीत नाहीत. दोष किमान सहा महिने एकाच मापावर स्थिर राहिला म्हणजे स्नायूंची जागा बदलून डोळा सरळ आणता येतो. त्याने सर्व दिशांची दुहेरी दृष्टी जातेच असे नाही. समोर पाहताना आणि वाचताना एकच दिसावे, हे उद्दिष्ट असते व ते बहुधा साधते.

वरठीच्या रुग्णास यासाठी प्रथम जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथून भंडाऱ्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, आणि मेंदूच्या छायाचित्रणाची किंवा शस्त्रक्रियेची गरज पडल्यास सुमारे साठ किलोमीटरवरील नागपूर अशी वाट आहे. नागपूरला १९४७ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २०१८ पासून तेथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही सुरू झाली आहे. शाळेतील मुलांसाठी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येते. त्या दिवशी मान कलती ठेवणाऱ्या मुलाचे नाव शिक्षकांनी वेगळे लिहून द्यावे, कारण रांगेतून भराभर पुढे सरकणाऱ्या मुलाकडे पाहण्यास पथकास काही क्षणच मिळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो किंवा नाही, हे अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे विचारावे, आणि जाताना शिधापत्रिका व ओळखपत्र सोबत न्यावे. जुना चष्मा, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि दुहेरी दिसणे कोणत्या तारखेस, कोणते काम करीत असताना सुरू झाले याची एका ओळीची नोंदही बरोबर असावी. तारीख अचूक असली की तीन महिन्यांची मोजणी तेथून करता येते.